शब्दशंका : तात्पर्य काढायचे, बोध घ्यायचा

गोष्टीच्या शेवटी जाड ठशात छापलेल्या ‘तात्पर्य’ या शब्दाभोवतीचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न अर्थाचे आहेत, काही वर्गात मुलांना शिकवताना पडलेले, तर काही निव्वळ लेखनाचे.

प्रश्न : काही पुस्तकांत गोष्टीखाली ‘तात्पर्य’ असते, काहींत ‘बोध’. दोन्ही एकच ना?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यामुळे कुणाचे अडत नाही. पण शब्द दोन आहेत, त्यांची घडण वेगळी आहे आणि शिकवणाऱ्याने व लिहिणाऱ्याने तो फरक सांभाळावा, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

‘तत्पर’ या विशेषणापासून ‘तात्पर्य’ हे भाववाचक नाम झाले. पंडित–पांडित्य, मधुर–माधुर्य, तसे तत्पर–तात्पर्य. आज ‘तत्पर’ म्हणजे सज्ज, चटकन पुढे होणारा. मूळ अर्थ मात्र ‘ते’ हेच ज्याला सर्वांत मुख्य आहे असा. म्हणून बोलणाऱ्याच्या मनात जे मुख्य आहे, त्याच्या बोलण्याचा रोख जिकडे आहे, ते तात्पर्य. न्यायशास्त्रात याची नेमकी व्याख्या आहे. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त ‘वक्तुरिच्छा तु तात्पर्यं परिकीर्तितम्’ असे म्हटले आहे. वक्त्याची इच्छा म्हणजेच तात्पर्य. त्यासाठी दिले जाणारे उदाहरणही पक्के आहे. ‘सैंधव’ या शब्दाचे अर्थ दोन, मीठ आणि घोडा. ‘सैंधव आण’ असे कुणी जेवताना म्हणाला तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. शब्द तेच आहेत, तात्पर्य बदलले. आणि ते ठरले बोलणाऱ्याच्या मनाने. ऐकणाऱ्याने ते प्रसंगावरून ओळखायचे.

‘बोध’ हा ‘बुध्’ या धातूपासून आलेला. बुध् म्हणजे जागे होणे, कळणे. हे घडते ऐकणाऱ्याच्या ठिकाणी. मराठी क्रियापदे हा फरक आपोआप पाळतात. तात्पर्य आपण काढतो, सांगतो, किंवा ते निघते. म्हणजे ते गोष्टीच्या पोटात असते. बोध आपण घेतो, किंवा तो होतो. म्हणजे तो आपल्यात उतरतो. ‘तात्पर्य घेतले’ असे कुणी म्हणत नाही.

पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट घ्या. ब्राह्मणी तान्ह्या बाळाला घरी ठेवून पाण्याला जाते. साप येतो, घरात पाळलेले मुंगूस त्याला मारते आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने तिच्या स्वागताला धावते. याने बाळाला खाल्ले, अशा समजुतीने ती डोक्यावरची भरली घागर मुंगसावर टाकते. मुंगूस मरते. आत जाऊन पाहते तर बाळ सुखरूप. या गोष्टीचे तात्पर्य एकच : खातरजमा न करता केलेल्या कृतीचा पुढे पश्चात्ताप होतो. पण लहान मूल घरात असलेली आई ही गोष्ट ऐकून ‘तान्ह्याला प्राण्याजवळ एकटे ठेवायचे नाही’ असे मनाशी ठरवू शकते. हा तिने घेतलेला बोध, आणि तो तिच्यापुरता शहाणपणाचाही आहे. गोष्टीचे तात्पर्य मात्र तो नाही. गोष्टीत तर प्राणी इमानी आहे आणि चूक माणसाची आहे. एका गोष्टीतून बोध दहा जण दहा घेतील. तात्पर्य कोणते, यावर मात्र वाद घालता येतो, कारण त्याचा पुरावा गोष्टीत शोधायचा असतो.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुले प्रत्येक गोष्टीला ‘खोटे बोलू नये’, ‘नेहमी चांगले वागावे’ अशी ठरावीक तात्पर्ये लावतात. तात्पर्य काढायची काही रीत आहे का?

आहे, आणि ती बरीच जुनी आहे. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवायचे याच्या खुणा सांगणारा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचा, एक श्लोक आहे :

उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरवण्यासाठी याच खुणांचा आधार घेतला. खुणा ग्रंथासाठी सांगितलेल्या असल्या तरी दहा ओळींच्या गोष्टीलाही त्या छान लागू पडतात. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट घेऊन पाहू.

उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, एकत्र ठेवा. आरंभी मेंढ्या राखणारा मुलगा गंमत म्हणून खोटी हाक मारतो आणि गाव धावत येते. शेवटी तो खरी हाक मारतो आणि कुणीच येत नाही. या दोन टोकांत जे बदलले त्याच्याजवळपास तात्पर्य असते. येथे बदलला तो गावकऱ्यांचा विश्वास.

अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. गोष्टीत काय पुन्हा पुन्हा येते? खोटी हाक. एकदा नव्हे, दोन-तीनदा.

अपूर्वता ही सर्वांत उपयोगी खूण. या गोष्टीने असे काय सांगितले, जे आधी ठाऊक नव्हते? खोटे बोलणे वाईट, हे पोरांना गोष्टीआधीच माहीत असते. खोटे बोलणाऱ्याचे खरेही खोटे ठरते, ही या गोष्टीची नवी भर. मुलांची ठरावीक उत्तरे बहुतेक वेळा याच खुणेवर अडकतात, म्हणून वर्गात इथेच जास्त वेळ घालवावा. ‘हे तुला गोष्ट ऐकण्याआधी माहीत होते का?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

फल म्हणजे कुणाचे काय झाले : मेंढ्या गेल्या. अर्थवाद म्हणजे स्तुती आणि निंदा. सांगणारा कुणाला ‘खोडकर’ म्हणतो, कुणाला ‘शहाणा’, ती विशेषणे अधोरेखित करायला लावावीत.

उपपत्ती म्हणजे कारणाची संगती. तिची परीक्षा करायची तर गोष्टीतली एक घटना काढून पाहायची. मुलाने खोटी हाक एकदाच मारली असती, तर दुसऱ्या हाकेला गाव आले असते का? बहुधा आले असते. म्हणजे ‘वारंवार’ हा शब्द तात्पर्यात हवा. आता वाक्य तयार होते : वारंवार खोटे बोलणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वाक्य लिहिताना होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. ‘खोटे बोलू नये’ हे फार सैल झाले. ते शेकडो गोष्टींना लागेल. ‘मेंढपाळाने लांडग्याच्या नावाने चेष्टा करू नये’ हे फार आवळ झाले. ते याच गोष्टीपुरते राहिले. तिसरी चूक म्हणजे गोष्टच पुन्हा दोन ओळींत सांगणे. चौथी ‘आणि’ घालून दोन तात्पर्ये जोडणे. दोन सुचली तर उपपत्तीच्या परीक्षेला जे टिकेल ते ठेवावे. पात्रांची व प्राण्यांची नावे काढून टाकावीत, वाक्य एकच असावे, पंधरा शब्दांच्या आत बसले तर उत्तम.

म्हणीबाबत जपून. ‘अति तिथे माती’ ही म्हण इतकी सर्वत्र बसते की मुले विचार न करता ती चिकटवतात. म्हण द्यायची असेल तर आधी तात्पर्य स्वतःच्या शब्दांत लिहायला लावावे आणि मग ‘हाच अर्थ सांगणारी म्हण’ विचारावी.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘खोटे बोलू नये’ यात ‘-ऊ नये’ आहे, तो निषेध झाला. ‘चांगले वागावे’ हा विध्यर्थ झाला. दोन्ही रूपे उपदेशाची आहेत. तात्पर्य शक्यतो साध्या विधानात लिहावे : असे केले की असे होते. विध्यर्थातले उत्तर चूक म्हणून गुण कापू नयेत, कारण छापील पुस्तकांतही तशी तात्पर्ये भरपूर आहेत. पण विधान लिहायची सवय लागली की मुलांना कारण शोधावेच लागते, हा त्याचा मोठा फायदा.

प्रश्न : ससा आणि कासवाच्या गोष्टीचे तात्पर्य ‘सातत्याने यश मिळते’ की ‘गर्वाचे घर खाली’?

वरची उपपत्तीची परीक्षा इथे लावून पाहा. ससा झोपला नसता तर कासव कितीही सातत्याने चालले असते तरी हरलेच असते. म्हणजे निकाल फिरला तो सशाच्या झोपेमुळे. आरंभही सशाच्याच बाजूने आहे : तो कासवाच्या संथ चालीची टिंगल करतो. तेव्हा ‘सातत्याने यश मिळते’ हे तात्पर्य अर्धेच टिकते. ‘गर्वाचे घर खाली’ अधिक जवळचे, तरी त्यात झोप येत नाही. ससा केवळ गर्विष्ठ नव्हता; वेगाच्या भरवशावर त्याने धावणेच सोडले. म्हणून आमची पसंती अशी : अंगच्या गुणावर विसंबून प्रयत्न सोडला की तो गुण कामी येत नाही.

कासवाकडे पाहून चिकाटीचा बोध घेण्याला अर्थातच काही हरकत नाही.

प्रश्न : पंचतंत्राच्या मराठी पुस्तकांत गोष्टीखाली तात्पर्य असते. मूळ संस्कृतातही तसेच आहे का?

नाही. मुळात रचना उलटी आहे. कुणीतरी पात्र बोलता बोलता एक श्लोक म्हणते. त्यात शिकवण असते आणि गोष्टीचा नुसता इशारा असतो, की अमक्याचे असे झाले तसे होईल. ऐकणारा विचारतो, ‘कथमेतत्?’, हे कसे? मग गोष्ट येते. गोष्ट संपली की सांगणारा ‘अतोऽहं ब्रवीमि’, म्हणून मी म्हणतो, असे म्हणून त्या श्लोकाकडे परत येतो. मुंगसाच्या गोष्टीचा ‘अपरीक्ष्य न कर्तव्यं कर्तव्यं सुपरीक्षितम्’ हा श्लोक ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात, म्हणजे भागात, आहे, आणि त्या तंत्राच्या नावातच तात्पर्य आले आहे : न पारखता करणारा.

फरक दिसायला रचनेचा, पण परिणाम मोठा होतो. शिकवण आधी आली की ऐकणाऱ्याच्या मनात उत्सुकता असते ती ‘हे खरे कसे ठरते’ याची. नारदीय कीर्तनाची घडणही याच जातीची आहे : पूर्वरंगात अभंग किंवा पद घेऊन तत्त्वाचे निरूपण, उत्तररंगात ते तत्त्व पटवणारे आख्यान. शिवाय पंचतंत्रातला श्लोक पात्राच्या तोंडी असतो. ते पात्र समोरच्याला काहीतरी करायला किंवा टाळायला सांगत असते, आणि कधी कधी त्याचा हेतू स्वच्छही नसतो. पहिल्या तंत्रात दमनक या कोल्ह्याच्या तोंडी कितीतरी शहाणपणाचे श्लोक आहेत, आणि त्याचा उद्योग मात्र दोन मित्रांत फूट पाडण्याचा आहे. श्लोक उचलून गोष्टीखाली ‘तात्पर्य’ म्हणून छापला की ‘हे कोण, कुणाला, कशासाठी म्हणाले’ हा धागा तुटतो. मुलांसाठी सुट्या गोष्टी देताना तसे करावे लागते, हे मान्य. मोठ्यांच्या आवृत्तीत मात्र चौकट राखावी.

गोष्टीबाहेर वेगळ्या ओळीत सार देण्याची पद्धत इसापाच्या कथांच्या वळणाची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली आली. तेव्हापासून या कथा मराठी वाचनात आहेत, आणि पंचतंत्राच्या सुट्या गोष्टीही हळूहळू त्याच साच्यात छापल्या जाऊ लागल्या.

प्रश्न : ‘तात्पर्य’, ‘सारांश’, ‘निष्कर्ष’, ‘भावार्थ’, ‘मतितार्थ’ यांपैकी कुठे कोणता वापरावा?

आधी शेवटच्या शब्दाचे. तो ‘मथितार्थ’ आहे : मथित म्हणजे घुसळलेला, घुसळून वर आलेला अर्थ तो मथितार्थ. ‘मतितार्थ’ सर्रास छापला जातो, पण ‘मतित’ असा शब्दच नाही.

सारांश म्हणजे मजकूर आटवणे. त्यात मुद्दे सगळे राहतात, लांबी कमी होते. शाळेत साधारण एक-तृतीयांश करायला सांगतात. तात्पर्यात मुद्दे राहत नाहीत, रोख राहतो. निष्कर्षाला पुरावा लागतो. पाहणी, प्रयोग, आकडे, साक्षी यांवरून जो निघतो तो निष्कर्ष, आणि पुरावा बदलला की तो बदलतो. भावार्थ मुख्यतः कवितेचा, श्लोकाचा, ओवीचा : शब्दाला शब्द न लावता सांगितलेला आशय. ज्ञानेश्वरीचे ‘भावार्थदीपिका’ हे नाव याच अर्थाने. हिशेबाचा किंवा अहवालाचा असतो तो गोषवारा.

‘तात्पर्य’ हे वाक्य जोडायलाही येते : ‘पाऊस लांबला, बी महाग झाले, मजूर मिळेना, तात्पर्य, पेरणी अर्धीच झाली.’ इथे नैतिक शिकवणीचा संबंध नाही, बोलण्याचा रोख एवढाच अर्थ. या वापरात ‘तात्पर्य’नंतर स्वल्पविराम द्यावा, किंवा ‘तात्पर्य असे की’ असे पूर्ण लिहावे. एका लेखात हे एकदाच करावे. प्रत्येक परिच्छेदाला तात्पर्य आले की वाचकाला आधीचा मजकूर वाचायची गरज वाटत नाही.

प्रश्न : ‘उपदेश’ हा चांगला शब्द असून ‘उपदेश करू नकोस’ असे आपण तुसडेपणाने का म्हणतो? आणि बोधकथा उपदेशपर न होता कशी लिहावी?

‘उपदेश’ला मान होता आणि अजूनही आहे. ‘गुरूचा उपदेश घेतला’ म्हणजे मंत्र घेतला. त्या वापरात ऐकणारा स्वतःहून गेलेला असतो. न मागता केलेल्या उपदेशासाठी मराठीत वेगळी क्रियापदे आहेत आणि ती सगळी बोचरी आहेत : उपदेश झोडणे, उपदेशाचे डोस पाजणे, अक्कल पाजळणे, ब्रह्मज्ञान सांगणे. आणि सांगणाराच तसे वागत नसेल तर ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’. राग शिकवणीचा नाही, न मागता वरच्या पायरीवरून बोलण्याचा आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या प्रयोजनांत ‘कान्तासंमिततयोपदेशयुजे’, म्हणजे प्रियेसारखा उपदेश करणे, असे एक प्रयोजन दिले आहे. परंपरेत उपदेशाच्या तीन तऱ्हा मानतात. वेद सांगतात ते मालकासारखे, म्हणजे आज्ञा. पुराणे सांगतात ती मित्रासारखी, म्हणजे बरेवाईट समजावून. काव्य सांगते ते प्रियेसारखे : आधी मन ओढून घेते आणि मग ऐकणारा आपणहून वळतो. बोधकथा लिहिणाऱ्याने ही वर्गवारी टेबलासमोर लावून ठेवावी, इतकी ती कामाची आहे.

प्रत्यक्ष लिहिताना तीन ठिकाणी गोष्ट बिघडते. पात्रांना ‘लोभी’, ‘उद्धट’, ‘आज्ञाधारक’ अशी विशेषणे पहिल्याच ओळीत चिकटवली, की निकाल आधीच लागतो. विशेषण खोडून त्या जागी एक कृती लिहावी. चुकीबद्दलची शिक्षा बाहेरून, योगायोगाने आली, म्हणजे वीज पडली, साप चावला, तर वाचकाला ती लेखकाने दिलेली वाटते. शिक्षा चुकीच्याच पोटातून यायला हवी, जसे लांडग्याच्या गोष्टीत गावाचे न येणे आधीच्या खोट्या हाकांतूनच येते. आणि शेवटी एखादे म्हातारे पात्र येऊन सर्व समजावून सांगते, तो परिच्छेद सरळ काढून टाकावा. काढल्यावर गोष्ट कळत नसेल तर दोष वर कुठेतरी आहे, तिथे दुरुस्ती करावी.

प्रश्न : ‘धडा घेणे’ आणि ‘धडा शिकवणे’ यांत एवढा फरक कसा?

धडा घेतो तो स्वतः सुधारतो. धडा शिकवतो तो समोरच्याला अद्दल घडवतो. म्हणून ‘शिक्षकांनी मुलांना चांगला धडा शिकवला’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या धड्याबद्दल असेल तर ‘पाचवा धडा छान शिकवला’ असे लिहावे, नाहीतर भलताच अर्थ होईल. ‘धडा मिळणे’ यात ठेच लागलेली असतेच. सुखाच्या अनुभवातून धडा मिळाला असे आपण म्हणत नाही, तिथे ‘शिकायला मिळाले’ म्हणतो. ‘धडा गिरवणे’ म्हणजे दुसऱ्याचे पाहून तसेच करणे, चांगले किंवा वाईट. आणि ‘धडे देणे’ हे अनेकवचनात कौशल्याबद्दल येते : पोहण्याचे धडे, गाण्याचे धडे.

प्रश्न : ‘नीतीकथा’ की ‘नीतिकथा’? ‘तात्पर्य’ला विसर्ग आहे का?

‘नीती’ सुटा लिहिताना दीर्घ, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. पण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त ‘नीति’ आहे, आणि असा शब्द समासात आधी आला तर तो ऱ्हस्वच राहतो : नीतिकथा, नीतिपाठ, नीतिमूल्ये. समासात शेवटी आला तर पुन्हा दीर्घ : इसापनीती, राजनीती. ‘गुरूपदेश’मधला ‘रू’ मात्र संधीमुळे दीर्घ आहे : गुरु + उपदेश.

‘तात्पर्य’ला विसर्ग नाही. गोष्टीखाली ‘तात्पर्य :’ असे लिहिताना पुढे येते ते अपूर्णविरामचिन्ह. ते शब्दाला चिकटून छापले की ‘तात्पर्यः’ असे दिसते आणि मुले तसेच उतरवून घेतात. चिन्हाआधी थोडी मोकळी जागा सोडावी किंवा ‘तात्पर्य –’ असे लिहावे. शब्द नपुंसकलिंगी आहे : ते तात्पर्य, तात्पर्याचा, तात्पर्याने. अनेकवचन ‘तात्पर्ये’ होते, पण एका गोष्टीबद्दल बोलताना त्याची गरज पडू नये.